मेलेल्या सासूचा हेवा

जिवंत नणंदेशी भांडता येतं. वीस-बावीस वर्षांपूर्वी वारलेल्या सासूशी कसं भांडायचं, हे राजमतीला कुणी शिकवलं नव्हतं. आणि तिला तर दोघींशीही भांडायचं होतं.

तिचा नवरा बापूसो हुपरीत मजुरीवर पैंजणांच्या कड्या सांधायचा. तंबाखूची गोळी सदा जिभेखाली. जिभेला फोड आला तो उष्णतेचा म्हणून वर्षभर अंगावर काढला, आणि शेवटी कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी पुढची अर्धी जीभ कापली. सहीपलीकडं त्याला लिहिता येत नव्हतं आणि आता बोलताही येईना. काय ते दोनच शब्द तो धड बोलायचा, ‘अक्का’ आणि ‘आई’.

अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण चिमणाबाई. आईमागं तिनंच त्याला वाढवलेलं. ऑपरेशनच्या दिवशी बोरगावहून आली ती राहिलीच. कोल्हापूरला रेडिएशनचा लाईट घ्यायला जाताना एसटीत त्याच्याशेजारी अक्का, आणि राजमती दांडा धरून उभी. तांदूळ भाजायचे, वाटायचे, पेज गाळायची ती राजमतीनं. वाटी तिच्या हातातून काढून घेऊन भरवायची मात्र अक्कानं. बघायला येणारे म्हणायचे, ‘‘बहीण असावी तर अशी!’’ राजमती चुलीपुढं बसून ऐकायची. लाकडं बरी, एकदाच जळतात.

पण अक्का परवडली. दुखणं चढलं की तो ‘‘आई! आई!’’ करायचा, तेव्हा राजमतीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. अक्का लगेच डोळ्याला पदर लावून त्याच्या अंगावर ओणवी. ‘‘आईची सय येतीया लेकराला. मी हाय की रं आईच्या जागी!’’ शेजारणीही नाक ओढायच्या. ऑपरेशनला बोरमाळ मोडली ती राजमतीची, सोळा वर्षं संसार केला तो राजमतीनं, आणि हाक मेलेल्या सासूला! भिंतीवरचा सासूचा फोटो पुसताना ती मुद्दाम तोंडावरची धूळ तशीच ठेवायची. मग तिची तिलाच लाज वाटायची. माणूस राहतो की जातो याचा भरवसा नाही आणि आपण हाकांवरून जळतोय. लाज वाटायची, पण जळणं काही थांबायचं नाही.

नातीच्या बारशाला म्हणून अक्का दोन दिवस बोरगावला गेली. दुपारी राजमती उंबऱ्याशी पैंजणाला घुंगरं लावत बसली होती.

‘‘आई,’’ आतून हाक आली.

तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

‘‘आई!’’

हातातलं पैंजण तिनं आपटलं. ‘‘आई मेली तुमची! अक्का बी गेली बारशाला! आता मी एकटीच हाय, चालंल का?’’

बापूसो कॉटवर उठून बसला. टॉवेलनं लाळ पुसली. छातीवर बोट ठेवून म्हणाला, ‘‘बापूओ.’’

ती उठून कॉटजवळ आली. त्यानं पुन्हा छातीवर बोट आपटलं. ‘‘बापूओ.’’

‘‘बापूसो? तुमचं नाव?’’

त्यानं मान हलवली. मग तेच बोट तिच्याकडं केलं. ‘‘आई.’’

‘‘मी कशी तुमची आ...’’ ती बोलता बोलता थांबली. बापूसोतला ‘सो’ कापलेल्या जिभेबरोबर गेला होता. मग तिच्या नावातलं काय काय गेलं असेल? सगळ्या घराची ती राजमती. ‘राजी’ म्हणणारा जगात एकच होता.

‘‘राजी?’’ तिनं हळूच विचारलं.

त्यानं कपाळावर हात मारला आणि वाकड्या तोंडानं हसला. ‘‘आई,’’ म्हणाला.

दवाखान्यात शुद्धीवर आल्या आल्या त्यानं हीच हाक मारली होती, आणि ती फणकाऱ्यानं बाहेर जाऊन बसली होती. राजमती रडली, आणि रडता रडता त्यालाच बोलली. ‘‘खुणेनं तरी सांगायचं न्हवं!’’ त्यानं टॉवेलचा पदर करून डोळ्याला लावला आणि तिच्या अंगावर ओणवा झाला. हुबेहूब अक्का. हाक मारली की ही अशी मध्ये, खूण कुणाला करणार? रडता रडता राजमतीला हसू फुटलं.

तिसऱ्या दिवशी अक्का परतली. पिशवी खाली ठेवते न ठेवते तोच आतून हाक आली, ‘‘आई!’’

‘‘आले, आले,’’ म्हणत राजमती उठली.

‘‘तू कुठं निघालीस?’’ अक्काचा पदर डोळ्याकडं गेलाच होता. ‘‘आईला हाक मारतोय त्यो. तुला न्हवं.’’

एका शब्दात सांगता आलं असतं. राजमतीनं सांगितलं नाही. अक्काचं मन राखायचं म्हणून नव्हे. तेवढी ती भली नव्हती. एसटीतली जागा गेली होती, पेजेची वाटी गेली होती. ही एक गोष्ट तिची एकटीची होती आणि तिच्यात तिला वाटेकरी नको होता.

‘‘व्हय अक्का, आईलाच,’’ ती म्हणाली, आणि नणंदेच्या आधी जाऊन त्याच्याशेजारी बसली.