इकडे पाहायचं नाही

केळ्यांची फणी पुन्हा तिथंच, कॅमेऱ्याच्या तिपाईच्या पायाशी, नेमकी अडखळायला होईल अशी — आणि फणीमागं, ती त्याच्यासाठी घेऊन आलेल्या दापोऱ्याच्या मथुराबाई, काल बसल्या होत्या तशाच. लीलाधरला फणीचाच राग आला. बाईंवर कसा काढणार?

ब्रह्मदेशाच्या लढाईत फौजेचा सिनेमावाला म्हणून राबला तो — हातात बंदुकीऐवजी कॅमेरा, बाकीचे मुंडी खाली घालत तेव्हा ह्यानं वर काढायची — आणि बुऱ्हाणपुरात परतून फोटोचं दुकान टाकल्यापासून गावाचं एकच पालुपद : लढाई दाखव की! कुठून दाखवू? भरलेली रिळं डब्यात बंद होऊन मागच्या तळावर जायची, मी काढलेलं मीच कधी पाहिलं नाही, हे किती जणांपुढं घसा फोडून सांगायचं? समोरचा कापडवाला सुकलाल तर डोळा मारून म्हणाला, "दबा के रखा होगा, भाई." दाबून! कर्म माझं.

आणि ह्या बाई. मुलगा उखर्डू त्याच लढाईत गेला, घरात त्याचा एक फोटो नाही, पितरपाख तोंडावर आलेला, पानापुढं ठेवायला तसबीर हवी, आणि —

"भाऊ, तू तं समद्याले काढलं. माहा उखर्डूच कसा सुटला?"

"मावशी, किती वेळा सांगू हो..."

चेहरे होतेच कुठं? शिपायानं कॅमेऱ्याकडे पाहायचं नाही, पाहिलं की लढाई खोटी वाटते, असा वरचा हुकूम. दिवसभर ओरडायचो, इधर मत देखो! पाठी काढल्या, टोप काढले, स्ट्रेचरवरून लोंबणारे हात काढले... एकदा वैतागून तोंडून मराठी शिवी गेली, तर एक जण हसत वळलाच — "कोन्या गावचा रे भाऊ?" त्याचं तोंड कसं होतं? आठवत नाही. जीव खाल्ला तरी आठवत नाही! आणि तो उखर्डूच कशावरून? इकडचा काय तो एकटाच गेला होता?

"मंग माहाच काढ," मथुराबाई एकदम म्हणाल्या. "लोकं म्हनत, पोरगं मायच्याच तोंडावर गेलं."

त्यांनी डोक्यावरचा पदर मागं सारला, परक्या पुरुषापुढं, केस चापून बसवले आणि ताठ झाल्या. वेडेपणा, शुद्ध वेडेपणा, असं पुटपुटत तो कॅमेऱ्यामागच्या काळ्या कापडात शिरला. काचेवर चेहरा उलटा आला — कपाळ खाली, हनुवटी वर, डोळे नीट त्याच्यावर रोखलेले.

"इकडे नका पाहू!" जुन्या सवयीनं तो खेकसलाच.

"मंग कुठी पाहू, बापा?"

कापडात उकडत होतं. सांगायचं नुसतं... दाराकडे पाहा, भिंतीकडे पाहा... इतक्या जणांना इकडे नको म्हटलं मी. कुठं पाहायचं, ते एकालाही सांगितलं नव्हतं.

"इकडेच," तो शेवटी म्हणाला. "इकडेच पाहा, मावशी."

त्या पाहतच होत्या. फोटो उमटायची प्लेट कॅमेऱ्यात घालायला बाहेर यायला हवं होतं. राग कुठं गेला कोण जाणे. आता कापडाबाहेर, त्या डोळ्यांपुढं यायचीच भीती वाटत होती.