भावकीची डुबकी

"आबा, आईची तब्येत जरा सिरियस हाय. साताऱ्याला आणलंय. आयसीयूत ठेवलीय," कुणालने बापाला फोनवर सांगितलं, आणि त्याच वेळी त्याच्यामागे म्हैस ओरडली.

संपत काटकर दोह्यातल्या कंपनीच्या खोलीत खाटेवर बसून मोजे घालत होता. एक मोजा पायात होता, एक हातात. म्हैस त्याने आवाजावरून ओळखली. ती त्याच्याच गोठ्यातली होती आणि धारेची वेळ टळली की अशीच ओरडायची. त्याच्या बायकोशिवाय, तानूबाईशिवाय, कुणाला ती जवळ येऊ देत नसे, लाथ मारायची. म्हणजे आज तानूबाईने धार काढली नव्हती. आणि साताऱ्याच्या आयसीयूत म्हशीला कुणी घेत नाही.

शिवाय तो शब्द. गल्फमधल्या माणसाच्या घरी कुणी मरत नाही. आई, बाप, बायको, सगळे फक्त सिरियस होतात, आणि माणूस मुंबईला उतरून गाडीत बसेपर्यंत सिरियसच राहतात. इथे कतारातच असलेल्या भावकीतल्या ज्ञानूनानाचा बाप गेला तेव्हा नानाला हा शब्द सांगायला भावकीने संपतलाच पाठवलं होतं, कारण तो न रडता बोलतो.

"डॉक्टर काय म्हणत्यात?"

"बघू म्हणत्यात."

"मी येईस्तवर..." संपत थांबला. त्याला विचारायचं होतं, मी येईपर्यंत तिला ठेवाल का. त्याने विचारलं, "मी येईस्तवर काय हुईल का?"

"तुम्ही येईस्तवर काय होत न्हाई, आबा. सावकाश या. आणि तिथं भावकीत कुणाला लगेच सांगू नका. उगं घाबरत्याल सगळी."

हे उत्तर संपतने आपल्याला हवं तसं घेतलं. वरच्या आळीतल्या एका म्हातारीला तिचा मुलगा दुबईहून येईपर्यंत बर्फावर ठेवलं होतं. कुणालही तसंच करणार असेल. म्हणजे तोंड बघायला मिळेल. बाकी काही नको होतं, तेवढं हवं होतं.

"पोरा, मला कळलंय, ठेव तिला," असं सरळ म्हणता आलं असतं. पण पोरगा एवढा गोठ्यामागे जाऊन, आवाज आवरून खोटं बोलत होता. त्याचं खोटं उघडं पाडायचं संपतच्या जिवावर आलं. आणि जोवर कुणी बोललं नव्हतं तोवर तानूबाई आयसीयूत होती. आयसीयूतून माणसं परतही येतात.

त्या दिवशी नॅशनल डेची सुट्टी होती, आणि काटकर भावकीचा वर्षाचा कॅम्प होता.

हा कॅम्प म्हणजे मोठीच गोष्ट होती. काटकरांचे जितके कर्ते पुरुष गावात राहतात त्याहून जास्त कतारमध्ये राहतात. कुणी ड्रायव्हर, कुणी वेल्डर, संपतसारखा कुणी शटरिंगचा सुतार. गावात बांधावरून एकमेकांचं तोंड न बघणारे इथे वर्षातून एकदा वाळूत तंबू ठोकून एका पातेल्यातलं मटण खातात. तानूबाईला याचं हसू यायचं. "वाळूत झोपायला एवढं पैलतीराला कशाला जायाला पायजे? आपला माळ काय वाईट हाय?" ती म्हणायची. "आन् तिथं मटण तुम्ही रांधता म्हणं. हितं तर च्याबी येत न्हाई."

संपतने हर्षलला फोन केला. हर्षल पुतण्या, आयटीतला, दोह्यातल्याच अल नस्र भागात बायकोला घेऊन राहणारा. बायको सिरियस आहे, तिकीट बघ, एवढंच संपतने सांगितलं. हर्षल म्हणाला, "रात्रीचं डायरेक्ट फ्लाइट आहे आबा, तिकीट काढलंय." फोन ठेवायच्या आत तिकीट निघालं. हर्षलच्या ऑफिसात सगळंच फास्ट असतं, असं संपतला वाटलं.

"तोपर्यंत खोलीत एकटे बसून काय करणार? कॅम्पला चला. तिथनंच एअरपोर्टला सोडतो."

संपत नाही म्हणणार होता. मग त्याने विचार केला. आपण गेलो नाही तर हे चौकशी करणार, चौकशी केली की कळणार, कळलं की सुतक. अख्ख्या भावकीला लागणार. बोकड कापून झालेला. पोरांना वर्षात एवढीच सुट्टी एकत्र मिळते. पण सुतक ऐकल्यापासून लागतं. ज्याने ऐकलं नाही त्याला लागत नाही. आपण तोंड मिटून राहिलो तर सगळ्यांचा दिवस गोड होईल. त्याला स्वतःला लागलं होतं की नाही, हा प्रश्न होता. म्हशीने सांगितलेलं धरतात का, हे गावच्या गुरवाला विचारायला हवं होतं.

त्याने बॅग भरली आणि तानूबाईच्या चटणीची बरणी वरच्या खिशात ठेवली. कांदालसणाची चटणी, सुट्टीवरून परतणाऱ्या भावकीतल्या शिवराजबरोबर तिने पाठवलेली. कॅम्पचं मटण त्याच चटणीत व्हायचं. म्हणून तर रांधायचं काम संपतकडे होतं. त्याचा हात बरा होता असं नाही, चटणी त्याच्याकडे होती.

न्यायला शिवराजच आला, पिकअप घेऊन. डोळे लाल.

"काय रं?"

"ओव्हरटाइम, आबा. झोप न्हाई." आणि त्याने संपतच्या हातातली बॅग ओढून घेतली. बॅग कुणाची उचलायची त्याला सवय नव्हती.

कतारच्या उत्तर टोकाला, मदिनत अश शमाल गावाच्या अलीकडे, समुद्राला लागून मोकळी जागा आहे. ज्ञानूनाना शमालच्या एका गॅरेजात मेकॅनिक, त्यामुळे जागा धरायचं काम त्याचं. तो सगळ्यात थोरला. शेजारी एका कतारी कुटुंबाचे तंबू होते, पांढरे, गालिचे घातलेले, जनरेटर, पोरंसोरं, आज्या. काटकरांचे दोनच तंबू, सुपरमार्केटातले, तेही अर्धे उभे.

संपत उतरला तसे सगळे एकदम हसायला लागले. कशावर ते कळलं नाही.

"या या, आचारी आले!" नाना ओरडला. "संपत, वैनीची चटणी आण..." आणि तो मधेच खोकायला लागला.

दर वर्षी कॅम्पला पहिलं भांडण तंबूवरून आणि दुसरं बांधावरून व्हायचं. नानाच्या आणि संपतच्या रानातला तो बांध कुणी कुणाकडे सरकवला यावर दोघांच्या बायका गावात कितीतरी वर्षं बोलत नव्हत्या. आज तंबूचा खांब दोनदा पडला तरी कुणी कुणाला शिवी दिली नाही. बांधाचं नावही निघालं नाही. "आबा, तुम्ही बसा," "आबा, पाणी घ्या," "आबा, सावलीत या." डिसेंबरात सावलीत थंडी वाजत होती. संपतला वाटलं, हर्षलने सांगितलं असेल, तानूबाई आजारी म्हणून पोरं जपतात. बरं वाटलं त्याला. आणि आपण यांच्यापासून एवढी मोठी गोष्ट लपवतोय म्हणून वाईटही वाटलं.

हर्षलची बायको अंबिका कांदा कापायला बसली. ती वर बघतच नव्हती.

"सूनबाई, तुझं ऑफिस काय म्हणतंय?"

"चाललंय, आबा." एवढंच. एरवी ती ऑफिसच्या मॅनेजरच्या नकला करून दाखवायची.

चुलीवर पातेलं चढलं. दुपार कलली तशी शेजारच्या तंबूतला म्हातारा कतारी खजुराचं ताट घेऊन आला. मोडक्या हिंदीत त्याने विचारलं, "ये सब भाई?"

"सब भाई," संपत म्हणाला.

"एक बाप?"

"एक गाव."

"माशाल्ला," म्हातारा म्हणाला आणि तिथेच दगडावर टेकला.

संपतने वळून बघितलं तर सगळे भाई पिकअपच्या मागे घोळका करून उभे. मधे हर्षलचा मोबाइल. कुणी बोलत नव्हतं. संपत पळी घेऊनच तिकडे निघाला. त्याला येताना बघून हर्षलने मोबाइल छातीशी धरला.

"काय बघताय रं?"

"मॅच, आबा."

"कुणाची?"

कुणाची ते दोघांनी वेगवेगळं सांगितलं.

"कोण जिंकतंय?"

नाना म्हणाला, "तू मटण बघ, संपत. खाली लागंल."

मटण खाली लागत नव्हतं, पण संपत परत आला. माणसं मॅच बघताना ओरडतात, शिव्या देतात. ही मंडळी टोपी काढून मॅच बघत होती. संपतने पातेल्यात बरणी उपडी केली, थोडी चटणी तळाशी राहू दिली, आणि ढवळत राहिला.

थोड्या वेळाने नाना पिकअपमागून पुढे आला. "चला रे पोरांनो," तो फारच मोठ्याने म्हणाला, "समुद्रात एक डुबकी मारू!"

काटकर दुष्काळी तालुक्यातले. समुद्राकाठी कॅम्प करायचे ते समुद्राकडे पाठ करून बसायचे. एकालाही पोहता येत नाही. वारा असा होता की कान दुखत होते. तरी सगळे उठले आणि रांगेने पाण्याकडे चालायला लागले, नाना पुढे. कुणी शर्ट काढला नाही, कुणी पँट काढली नाही. गुडघ्यापर्यंत गेले, कमरेपर्यंत गेले. कुणी पाणी उडवलं नाही, कुणी ओरडलं नाही. नानाने नाक धरलं आणि डोकं पाण्याखाली घातलं. मग एकेकाने. एकच डुबकी. आणि तसेच निथळत, अंग न पुसता परत.

अंबिका समुद्रात गेली नाही. गाडीच्या आडोशाला तिने पिण्याच्या पाण्याचा कॅन डोक्यावर ओतून घेतला.

म्हाताऱ्या कतारीने डोळे बारीक करून हे सगळं बघितलं. "बहोत ठंडा," तो म्हणाला. मग संपतकडे वळून त्याने विचारलं, "तुम नहीं जाता?"

सगळ्या किनाऱ्यावर संपतला हे विचारणारा तो एकटाच. भावकीतल्या एकानेही त्याला चल म्हटलं नव्हतं. चेष्टेतही नाही.

अंगावरच्या कपड्यांनिशी एक डुबकी घेऊन, अंग न पुसता परत येणारा माणूस कुठून आलेला असतो हे संपतला सांगायला नको होतं. तो मयताला जाऊन आलेला असतो. मॅच संपली होती. कुणालने बर्फ आणला नव्हता. आता ते सगळे मोबाइलवर तिला बघून आले होते, तोंडावरचं कापड काढलं असेल तेव्हाही आणि पुढेही, आणि संपत पळी घेऊन तिथपर्यंत गेला होता. चार पावलं राहिली होती. मला दाखवा एवढं म्हणाला असता तर दाखवलं असतं त्यांनी. पण मॅच कोण मागून बघतं? मला कळू नये म्हणून त्यांनी लपवलं, आणि त्यांना कळू नये म्हणून मी लपवलं. दोन्हीकडून माया चांगलीच जमली होती.

"नहीं," तो म्हाताऱ्याला म्हणाला. "मेरे को खाना पकाना है."

ताटं मांडली. मटण उत्तम झालं होतं, आणि खाणारं कुणी नव्हतं. शिवराजच्या पोटात अचानक कळ आली. हर्षलला डॉक्टरने रेड मीट बंद केलं होतं, आजपासून. एकाचा उपवास निघाला, कसला ते त्याला आठवेना. नाना म्हणाला, "दात दुखतोय." ओल्या कपड्यात कुडकुडत सगळे कोरडी चपाती चावत बसले आणि चोरून संपतकडे बघत राहिले. याने हात लावू नये असं त्यांना वाटत होतं, आणि लावू नको म्हणायची सोय नव्हती.

संपतने ताट वाढून घेतलं. त्याला सगळं माहीत होतं. सुतकात मटण खात नाहीत हेही. पण त्या पातेल्यात तानूबाईच्या हाताची चटणी होती. मिरच्या तिने वाळवल्या होत्या, कांडपाला ती स्वतः जाऊन बसली होती. आता बरणीत तळाला राहिली तेवढीच उरली. हे मटण शेजारच्या तंबूतल्या ड्रायव्हरांना जाणार होतं. ते खातील, माशाल्ला म्हणतील, आणि कुणाच्या हातचं ते त्यांना माहीत असणार नाही.

तो जेवला. रस्सा दुसऱ्यांदा घेतला. अंबिकाने ओढणीने डोळे पुसले.

"तिखट हाय," ती म्हणाली. तिने घासही घेतला नव्हता.

"जरा," संपत म्हणाला. "ती तिखटच करती."

'करती' म्हणाला तो. सगळ्यांनी माना खाली घातल्या. बिचाऱ्याला काही माहीत नाही, असं त्यांना वाटलं, आणि संपतने ते तसंच राहू दिलं. एवढ्या थंडीत एवढी माणसं पाण्यात गेली होती. ते वाया जाऊ नये.

दिवस मावळायला पिकअप निघाली. शिवराज चालवत होता, नाना मधे, संपत खिडकीला. वाटेत खोलीवर थांबायचं का, असं शिवराजने विचारलं. खोलीवर बाथरूम होतं, गरम पाणी होतं. संपत हो म्हणणार होता. पण थांबून काय करणार सांगायचं? अंघोळ करतो म्हटलं तर कशाची, असं कुणी विचारलं नसतं, आणि तेच अवघड होतं. आणि नानालाही, संपत तू अंघोळ करून घे, असं म्हणता येईना. दोघेही समोर रस्त्याकडे बघत राहिले.

"नको," संपत म्हणाला. "उशीर हुईल."

एअरपोर्टवर नानाने त्याला मिठी मारली. नानाचा शर्ट अजून दमट होता, खारट वास येत होता.

"काळजी करू नको. बरं वाटंल वैनीला."

"व्हय. वाटंल की."

नाना गेला नाही. उभाच राहिला. मग खाली बघून म्हणाला, "संपत, तो बांध. गावाकडं गेलास की तुला पायजे तसा घालून घे. आमचं काय म्हणणं न्हाई."

हे ऐकायला तानूबाईने आयुष्यभर भांडण केलं होतं. नानाच्या बायकोसमोर उभी राहून ती काय म्हणाली असती हेही संपतला ठाऊक होतं. म्हशीचं ओरडणं ऐकूनसुद्धा त्याच्या मनात एक बारीकशी शंका राहिली होती. मेलेल्या माणसापायीच कोणी बांध सोडतो. ती शंका आता गेली.

"सांगतो तिला," तो म्हणाला.

आत जाऊन तो रांगेत उभा राहिला. अंगाला चुलीच्या धुराचा आणि मटणाचा वास येत होता. बोटांच्या नखांत चटणीचा लाल रंग बसला होता, सकाळपासून हातही नीट धुतले नव्हते. सगळ्या भावकीची अंघोळ झाली होती. संपतची राहिली होती.