जपून ठेवलेली लस

ज्या सकाळी माझ्या पोटातली सगळी लस वाया गेल्याचं कळलं, त्या सकाळीही माझा तापमानाचा काटा अगदी बरोबर जागेवर होता. मित्रांनो, मी दवाखान्यातला लस ठेवायचा जुना फ्रीज. आलो तेव्हा पांढराशुभ्र होतो. आता दार गंजलं आहे.

माझी देखभाल मावशी करायच्या. सगळे त्यांना मावशीच म्हणत. नोकरीला लागताना त्यांना शिकवलं होतं की लस थंड ठेवायची, पण गोठू द्यायची नाही. गोठली की गेली. ते त्यांनी जन्मभर पाळलं. सकाळी आल्या की आधी माझा काटा बघायच्या.

त्यांचा डबा घेऊन यजमान यायचे. म्हणायचे, "मला ताप भरला तरी हिचं लक्ष या फ्रीजच्याच काट्यावर!"

"तो निदान तुमच्यासारखा घोरत नाही."

खरं तर मीही घरघरायचो. पण त्या माझीच बाजू घ्यायच्या.

मग साथ आली. माणसं पटापट जाऊ लागली. शास्त्रज्ञांनी नव्या तऱ्हेची लस काढली. एरवी लस काढायला वर्षं लागायची, ही काही महिन्यांत तयार झाली. मात्र ती कडक गारठ्यात गोठवूनच ठेवायची होती. हे समजावायला माणूस येणार होता. लस त्याच्या आधी आली.

मावशींनी पेटी उघडली. बाटल्या दगडासारख्या!

"कुठल्या गाढवानं गोठवून पाठवली ही?" त्या कळवळल्या. वितळली तर वाचेल, या आशेनं एकेक बाटली हळूच माझ्यात ठेवली. लस टोचायला अजून अवकाश होता. स्वतःचा नंबर त्यांनी शेवटी लावला होता.

तो माणूस आला त्याच सकाळी सगळं उघड झालं.

"मावशी, बर्फाची पेटी कुठंय?"

"ती रिकामी केली. लस फ्रीजमध्ये आहे, जपून."

"कधीपासून?"

"आली त्या दिवसापासून. पंधरा दिवस झाले."

त्यानं माझं दार उघडून एक बाटली हातात घेतली. "अहो, फ्रीजमध्ये ती चार-पाच दिवसच टिकते. नंतर तिचं पाणी होतं."

"लस बर्फात ठेवायची? असं कुणी कधी सांगितलं मला?"

मी माझं काम चोख करत होतो आणि माझ्या आत लस मरत होती.

दुसरी लस यायला फार उशीर झाला. तोवर साथीनं मावशींना गाठलं. त्यांचा चष्मा न्यायला यजमान आले. माझ्या दारावर हात ठेवला. "तिला शिकवलं तेच तिनं केलं रे," एवढंच बोलले.

मित्रांनो, नवी वस्तू पाठवाल तेव्हा ती कशी सांभाळायची हे आधी सांगा. मागाहून सांगितलेलं कामाला येत नाही.

मावशींच्या जागी आता एक तरुण आला आहे. भला आहे, काळजीनं काम करतो. नवी लस कशी ठेवायची, हे त्याला अजून कुणीही शिकवलेलं नाही.