करंगळीवाल्याचा हात

संग्रहालयात तिला सगळे वहिनी म्हणत. त्याला कारण तिची नणंद. नणंद तिथेच, मागच्या इमारतीत तळमजल्यावर जुनी चित्रं दुरुस्त करायच्या खोलीत कामाला होती, आणि भर व्हरांड्यात "अहो वहिनी" अशी खणखणीत हाक मारायची. ती हाक आधी पहारेकऱ्यांनी उचलली, मग ग्रंथपालांनी, आणि शेवटी खुद्द संचालकही बैठकीत "वहिनींचं काय मत?" असं विचारू लागले. मग वहिनीही नणंदेला सगळ्यांदेखत वन्सं म्हणू लागली. फिट्टंफाट.

वहिनीचं काम जरा चमत्कारिकच. ज्या चित्रांवर सही नाही, ज्यांच्याबद्दल कुणी कुठे अक्षर लिहून ठेवलेलं नाही, त्यांचा कर्ता ओळखायचा. खरं नाव मिळत नाहीच. मिळते ती लकब. एकाच हाताची लकब चार-सहा चित्रांत दिसली की ती चित्रं एका ठिकाणी आणायची आणि त्या हाताला एखादं कामापुरतं नाव द्यायचं. या कामातले सगळेच असं करतात. कुणी निळ्या पडद्याचा चित्रकार होतो, कुणी तीन पोपटांचा.

"नावं ठेवायची नोकरी आहे आमच्या वहिनींची," वन्सं म्हणायच्या. "घरी फुकट करतात, इथे पगार मिळतो."

या सगळ्या बिननावाच्या मंडळींत वहिनीचा जीव होता करंगळीवाल्यावर. त्याची नऊ छोटी चित्रं, लाकडी फळ्यांवर रंगवलेली. राजे नाहीत, सरदार नाहीत. लोहार, भट्टीवाला, विणकर, सुईण, अशी हातावर पोट असलेली माणसं. छातीपर्यंत माणूस आणि खाली त्याचे दोन्ही हात. त्या प्रत्येकाच्या उजव्या हाताची करंगळी टोकाला किंचित बाहेर वळलेली, जणू तिला एकटीलाच काहीतरी वेगळं सांगायचंय.

शिकत असताना वहिनीने ती करंगळी पहिल्यांदा पाहिली. तोवर ही चित्रं एका नावाजलेल्या दरबारी चित्रकाराच्या शिष्यांच्या खात्यावर जमा होती. कोणत्या शिष्याच्या, ते कुणी सांगत नव्हतं. मोठ्या घराच्या मागच्या दाराशी उभी असावीत तशी ती चित्रं होती. हा हात वेगळा आहे, हे वहिनीने लेख लिहून सांगितलं, सभांमधून सांगितलं, टिंगल झाली तरी सांगितलं. केस पांढरे होईतो सांगितलं. आणि आता कुठे एक अख्खं दालन त्याच्यासाठी मोकळं झालं होतं. शहरभर पोस्टरं लागली होती. पोस्टरवर दुसरं काही नाही, फक्त ती करंगळी, माणसाएवढी मोठी.

चित्रं भिंतीवर चढवण्याआधी एकेक करून जांभळ्या दिव्याखाली तपासायची, असा तिथला शिरस्ता. अंधाऱ्या खोलीत त्या दिव्याखाली जुनं रोगण हिरवट चमकतं, आणि मागाहून कुणी लावलेला रंग काळाच राहतो. कुठे भेग आहे, कुठे ठिगळ आहे, सगळं उघडं पडतं. ते काम वन्संचं.

त्या दिवशी दुपारी वन्संनी निरोप पाठवला, जरा खाली या.

"वहिनी, आधी बसा."

"उभी आहे ती बरी आहे. काय झालं? लोहाराची भेग वाढली का?"

वन्संनी खिडक्यांचे काळे पडदे ओढले आणि दिवा लावला. लोहार शेवाळल्यासारखा हिरवट उजळला. कपाळ, दाढी, हातोडीचा दांडा, सगळं. फक्त उजव्या हाताशी शाई सांडावी तसा एक काळा ठिपका. नेमका करंगळीवर.

"डाग आहे," वहिनी म्हणाली.

"आता भट्टीवाला बघा."

भट्टीवाल्याचीही करंगळी काळी. सुईणीची काळी. विणकराची काळी. वहिनी एकेका फळीवर वाकत गेली आणि शेवटच्या फळीपाशी तशीच वाकलेली राहिली.

"मीही आधी दिव्याला दोष दिला," वन्सं हळू आवाजात म्हणाल्या. "दुसरा आणून पाहिला. तेच." त्यांनी लोहाराची फळी तिरपी धरली. करंगळीच्या रेषेत, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, घासल्याची बारीक खाच होती. "नऊच्या नऊ फळ्यांवर याच उंचीला आहे. कधीतरी सगळी एका खोक्यात उभी भरली असणार. खोक्याची आडवी पट्टी प्रवासभर इथे घासत राहिली. बाकी ठिकाणी ओरखड्यावर भागलं, पण करंगळ्यांवर रंगाचा थर उंच, त्या खाऊन गेली. मग कुणीतरी बसून सगळ्यांना नव्या करंगळ्या लावून दिल्या. आपल्याला जमेल तशा."

"म्हणजे मी इतकी वर्षं..."

"दुरुस्तीवाल्यावर जीव लावून बसलात." वन्संना राहवलं नाही. "घरात एक दुरुस्तीवाली असताना."

वहिनी हसली नाही. मग मात्र ती बसली. वन्संनी पडदे उघडले, चहा आणला, कप तिच्या हातात दिला आणि शेजारी स्टूल ओढून गप्प बसल्या. नणंदा बोलायला जन्मतात म्हणतात, पण ही गप्पही बसू शके.

"साहेबांना सांगितलंत?" वहिनीने विचारलं.

"पहिला मान तुमचा. आणि हे बघा, मी अहवालात किरकोळ जुनी दुरुस्ती एवढंच लिहिलं तर ते खोटं होणार नाही."

"खरंही होणार नाही, वन्सं."

"नाही. ते तर नाहीच."

वहिनीने चहा संपवला, कप विसळून जागेवर ठेवला आणि सरळ संचालकांच्या खोलीत गेली.

संचालकांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "वहिनी, गेल्या वर्षी मी म्हणत होतो, बिननावाच्या माणसाला बघायला काळं कुत्रं येणार नाही. तेव्हा तुम्ही माझ्याशी हमरीतुमरीवर आलात. आता मलाच तो आवडायला लागलाय, तर तुम्ही त्याच्या मुळावर उठलात."

"करंगळ्या त्याच्याच आहेत, साहेब. चित्रं त्याची नाहीत."

"मग कुणाची?"

"अजून माहीत नाही. नऊ चित्रं एका हाताची आहेत की नाहीत, हेही आता मला सांगता येणार नाही."

"म्हणजे देव्हारा बांधून झाला आणि आत देवच नाही." त्यांनी चष्मा परत चढवला. "मग सोपं आहे. जुनीच पाटी लावू. दरबारी चित्रकाराचे शिष्य. आयती आहे, आणि नावाला वजनही आहे."

वहिनीला नेमकी तीच भीती होती. तिचं हसं झालं असतं तरी ते चार दिवसांचं. पण ती पाटी एकदा पक्की लागली की खरा जो कुणी होता तो त्या मोठ्या नावाखाली कायमचा गाडला जाणार, आणि एकदा तोंडघशी पडलेल्या बाईचं मग कोण ऐकणार?

"शुक्रवारपर्यंत पाटी लावू नका," ती म्हणाली. "तोवर मला काही सापडलं नाही, तर जुन्या पाटीला मी आडवी येणार नाही."

"शुक्रवार," संचालक म्हणाले. "पुढे एक दिवस नाही."

तिने नऊही चित्रं वन्संच्या खोलीत मांडून घेतली. डोळ्याला सवय वाईट; तो पळत पळत करंगळीकडेच जाई. म्हणून तिने राखाडी कागदाच्या पट्ट्या कापल्या आणि सगळ्यांचे हात झाकून टाकले. मग बघत बसली. कान, नाकपुड्या, भुवया, गळपट्टीच्या चुण्या. चित्रकार चेहऱ्यावर जीव ओततो, तिथे तो सावध असतो. खरा सापडतो तो निष्काळजी जागी, जिथे हात आपोआप चालतो. हे ती विद्यार्थ्यांना शिकवत आली होती, आणि स्वतः मात्र दिसली ती पहिली गोष्ट धरून बसली होती. आता नियम एकच: काही सापडलं की आधी दिव्याखाली, मग विश्वास.

घरी नवरा म्हणाला, "जेवताना तरी माझ्या कानाकडे असं बघू नकोस. घास उतरत नाही."

"हलू नकोस," ती म्हणाली.

दोन दिवस काही हाती लागलं नाही. तिसऱ्या दिवशी ती लोहाराच्या मानेखालची सावली कागदावर उतरवत होती. तिथे रंग सपाट फासलेला नव्हता. बारीक तिरप्या रेघा एकाशेजारी एक ओढून सावली केली होती. तिला त्या जमेनात. पेन्सिल उलटी जाई, मनगट अवघडे. दहा वेळा खोडून झालं, आणि मग चिडून तिने पेन्सिल डाव्या हातात घेतली. रेघा वेड्यावाकड्या आल्या, पण कलल्या मात्र बरोबर त्याच बाजूला.

ती उठली आणि पडदे ओढले. दिव्याखाली मान हिरवट उजळली, रेघांसकट. मागाहूनचं काही नव्हतं.

"वन्सं, हा डावखुरा आहे."

वन्सं हातातलं काम टाकून आल्या. दोघींनी एकेक मान पाहिली. भट्टीवाला डाव्या हाताचा. कुलूपवाला डाव्या हाताचा. आणखी चौघं तसेच. त्या सातही चित्रांत आणखी एक गोष्ट निघाली: कानाच्या पाळीखाली नखाएवढी जागा रंगवायची राहून गेलेली, तिथून फळीचं तांबूस अस्तर दिसत होतं. विणकराच्या आणि सुईणीच्या रेघा मात्र नेहमीच्या उजव्या हाताच्या होत्या, आणि कानाखाली रंग पुरा भरलेला.

"ही दोघं बाहेर," वहिनी म्हणाली. सुईण तिची सगळ्यांत लाडकी होती.

मग तिला एकदम धोबीण आठवली. कोठारात एक चित्र होतं, याच मापाचं, याच रंगांचं. ते याच हाताचं असल्याचं कुणीतरी सुचवलं होतं, आणि वहिनीनेच एका लेखात ते ठामपणे नाकारलं होतं. कारण काय, तर धोबिणीची करंगळी सरळ आहे.

कोठारातून चित्र आणलं. फळीवर खाच नाही. हे त्या खोक्यात कधी गेलंच नव्हतं. दिव्याखाली हात अखंड हिरवा. सरळ, साधी, कपडे पिळून जाड झालेली करंगळी. मानेखाली डाव्या हाताच्या रेघा, आणि पाळीखाली तांबूस नखभर जागा.

"सख्खीला उंबऱ्याबाहेर ठेवलंत," वन्सं म्हणाल्या, "आणि चुलतभावंडांना मानाने बसवलंत."

"म्हणा काय म्हणायचं ते."

"म्हणते आहेच. चला, धूळ पुसू तिची."

शुक्रवारी संचालक स्वतः खाली आले. त्यांनी भिंग घेऊन आठही माना पाहिल्या. "फळी फिरवून रंगवली असेल. उजव्या हाताच्या माणसालाही अशा रेघा येतील."

"एखाद्या वेळी फिरवेल. दर वेळी, दर मानेखालीच फिरवेल? आणि दर वेळी तीच जागा सोडेल?"

"आणि पुढच्या वर्षी हा डावखुराही उजवा निघाला तर?"

"तर तेही भिंतीवर लिहू."

संचालकांनी पुन्हा एकदा धोबिणीच्या मानेवर भिंग धरलं. "पोस्टरांचं काय करायचं?"

"राहू द्या. ती करंगळी करंगळीवाल्यानेच काढलीय. तो चित्रकार नव्हता, मोडलेलं सांधणारा होता, एवढं दारात लिहायचं. त्यालाही त्याच्या वाटणीची एक ओळ मिळायला हवी. आणि डावखुऱ्याची आठ चित्रं आत."

"आधीची ओळख चुकली होती, हेही लिहावं लागेल."

"माझं नाव घालून लिहा."

"लोक हसतील, वहिनी."

"हसतील आणि मग आत जाऊन माना बघतील. बघू दे की."

संचालकांनी भिंग वन्संच्या हातात दिलं आणि जाता जाता म्हणाले, "मजकूर संध्याकाळपर्यंत माझ्याकडे द्या. फार लांबवू नका."

कामगार आले आणि आठ चित्रं उचलून दालनात नेऊ लागले. धोबीण सगळ्यांत पुढे. विणकर आणि सुईण टेबलावर मागे राहिले. त्यांना परत कोठारात न्यायला वन्संनी कापड उलगडलं, तर वहिनीने ते बाजूला सारलं.

"हे दोघं एका हाताचे वाटतात का हो?" वन्संनी विचारलं.

"आत्ताच काही वाटून घ्यायचं नाही," वहिनी म्हणाली, आणि खुर्ची ओढून सुईणीच्या मानेशी वाकली. "पडदा ओढा तेवढा."