कीबोर्डातला जिन्न

मोरोक्कोतल्या आमच्या सेफ्रू गावात कोर्टासमोर अल्लाल काकांचं अर्ज लिहून देण्याचं दुकान आहे. त्या सकाळी अर्जासाठी मात्र कुणीच आलं नव्हतं. टेबलाखाली लोकांनी नजराणा म्हणून आणलेल्या साखरेच्या शंकूंची रास होती, लोबानाचा धूर कोंदला होता आणि तीसेक माणसं एका जुन्या कॉम्प्युटरसमोर श्वास रोखून उभी होती. जिन्न बघायला.

मी वरून बघत होते. जिन्न माझ्या अंगात होता म्हणे, म्हणून अकरा दिवस मी माळ्यावर कुलपात होते. माळ्याच्या दोन फळ्यांमध्ये बोटभर फट होती. तिच्यातून कीबोर्ड दिसायचा, पडदा नाही.

झालं होतं ते एवढंच. अर्ज सांगता सांगता बायका रडतात, गप्प होतात, आणि मी बटणावर बोट ठेवून वाट बघते. अशाच एका थांब्यात कॉम्प्युटर तीनदा टुकटुकला, चढती शीळ वाजली आणि पडद्यावर फ्रेंचमध्ये काहीतरी आलं. माझं फ्रेंच दुकानांच्या पाट्यांपुरतं. मी घाबरून बटणं बडवली, पण एक अक्षर उमटेना. काकांनी बडवली, तरी नाही. थोड्या वेळानं आपोआप सुरळीत झालं. आठवड्यात तीनदा हेच, आणि दर वेळी समोर मीच. टाइप मीच करते, तर समोर दुसरं कोण असणार? पण काकांना तेवढं पुरलं. त्यांनी जिन्न उतरवणाऱ्या फकीह बूअज्जाला बोलावलं.

फकीहनं मला बघताच निदान केलं. हा साधासुधा जिन्न नाही, शिकलेला आहे, त्याला तीन भाषा येतात. पोरगी लिहायला शिकली, त्याच वाटेनं तो आत शिरला. मग रोज प्रयोग सुरू झाला. आधी सगळ्यांनी डोळे मिटायचे, कारण जिन्न येता-जाताना जो पडद्याकडे बघेल त्याची बुबुळं पांढरी होतील. मंत्र, टुकटुक, शीळ. मग डोळे उघडायचे, काकांनी बटणं बडवायची, काही उमटायचं नाही. मग फकीह एकेका बटणावर बोट टेकवून सावकाश ‘बिस्मिल्लाह’ म्हणायचा आणि अक्षर हजर. शेवटी पुन्हा डोळे मिटायचे, उतरती शीळ, जिन्न आजच्यापुरता बाहेर.

खाली सगळ्यांचे डोळे मिटलेले असायचे, वर माझे उघडे. दर वेळी शीळ वाजण्याआधी फकीहची रुंद बाही कीबोर्डाच्या उजव्या कडेवर पसरायची आणि तिच्याखालून डोकावणारं एक बोट एकाच बटणावर दाबलेलं राहायचं. मी मोजलं. दर वेळी आठापर्यंत.

तामू काकू जेवण घेऊन आली तेव्हा तिला हे सांगितलं. तिला रडू फुटलं. “तुझ्या तोंडून तो बोलतोय गं, यामना,” म्हणाली आणि कुलूप लावून गेली. बोलले तर जिन्न बोलतो, गप्प बसले तर दबा धरून बसलाय. खऱ्याला जागाच नव्हती.

आणि त्याच दुपारी मला न्यायला गाडी येणार होती. फकीहच्या मते जिन्नाची मुळं माझ्यात होती, ती डोंगरापलीकडच्या पिराकडेच निघतील. तिथे भिंतीतल्या कड्यांना माणसं साखळीनं बांधतात. आमच्या गल्लीतली रकिया तिथून चार वर्षांनी परतली, ती अजून मनगटं झाकून असते.

खाली शीळ चढली. काकांनी बटणं बडवली, काही नाही. माझं कुणी ऐकणार नव्हतं, जिन्नाचं मात्र सगळे ऐकत होते. मी फळीवर मूठ आपटली आणि घोगरा आवाज काढला.

“बूअज्जा, मी हरलो. आत्ता निघतो. पण दोन्ही हात डोक्यावर ठेवून मंत्र म्हण, आणि सगळ्यांचे डोळे उघडे असू देत.”

“जिन्न लबाड असतो,” फकीह म्हणाला.

“पण जातो म्हणतोय ना, फकीहसाहेब?” काका म्हणाले. “हात वर करायला तुमचं काय जातं?”

त्यानं हात वर केले. मंत्र म्हटला, पुन्हा म्हटला, घामानं दाढी भिजली. काकांनी बटणं बडवली. एक अक्षर उमटलं नाही.

मग मी माझ्या आवाजात म्हटलं, “काकू, उजवीकडचं लांब बटण, बाण काढलेलं. दाबून धर आणि आठ मोज.”

काकू पुढे झाली आणि बटण दाबून मोजू लागली. आठाला उतरती शीळ वाजली. काकांनी बटणं दाबली तर भराभर अक्षरं.

“तामूच्या हातात बरकत आहे,” कुणीतरी पुटपुटलं.

“बरकत कसली, बोट आहे,” काकू म्हणाली आणि बटण पुन्हा दाबून धरलं. आता डोळे उघडे होते. गर्दीतल्या नजात बाई शाळेत फ्रेंच शिकवतात. पडद्यावर जे आलं ते त्यांनी मोठ्यानं वाचलं आणि समजावून सांगितलं. हे बटण आठ सेकंद दाबलं की ही सोय सुरू होते, पुन्हा तसंच दाबलं की बंद. ज्यांचे हात थरथरतात त्यांच्यासाठी ती कॉम्प्युटरमध्ये मुळातच भरलेली असते. घाईनं दाबलेलं बटण ती धरत नाही, सावकाश दाबलेलं धरते. पडद्यावरची ती जिन्नाची चिठ्ठी म्हणजे वापरायच्या सूचना होत्या. त्या वाचून संपेपर्यंत फकीह मागच्या दारानं गेला होता, साखर इथेच टाकून.

काका माळ्याशी आले. त्यांचा हात इतका थरथरत होता की किल्ली कुलपात जाईना.

“सावकाश, काका,” मी आतून म्हटलं.

आता दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी ते बटण दाबायला लावते. डोळे मिटायला सांगणारा भेटला तर डोळे उघडे ठेवा आणि त्याचे हात बघा, एवढंच सांगते. परवा रकिया आली. तिनंही दाबलं, आठ मोजले, शीळ ऐकली. मग बाही सावरत विचारलं, “माझ्या वेळी कुणीच का नाही बघितलं?”

त्या वेळी डोळे मिटून उभ्या असलेल्यांत मीही होते.