बिनक्लचची गाडी

क्लच नसलेली गाडी ही गाडीच नव्हे, असं वॉल्टर मेटकाफ अडतीस वर्षं सांगत आला होता. सांगायचा त्याला अधिकारही होता. डोंगराच्या या बाजूच्या पाच-सहा गावांत ज्यांना गाडी चालवता येत होती, त्यांतल्या निम्म्यांना ती वॉल्टरनं शिकवली होती. ज्यांना गाडी चालवता येत नाही त्यांच्यासाठी ऑटोमॅटिक असते, असं तो पबमध्ये मोठ्यानं म्हणायचा. लोक हसायचे, कारण पुढची बिअर बहुतेक तोच पाजणार असायचा.

मग गुडघा गेला. नेमका डावाच, जन्मभर क्लच दाबून दाबून झिजलेला. आणि त्याच हिवाळ्यात डोरीनच्या किडन्या गेल्या.

डोरीन म्हणजे त्याची बायको, सेहेचाळीस वर्षांची सोबत. तिला सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिसला न्यायचं होतं, घाट उतरून बावीस मैलांवर. हॉस्पिटलची गाडी यायची, नाही असं नाही. पण ती आणखी तीन पेशंट गोळा करत, गावोगाव फिरत जायची. सकाळी सातला निघालेली डोरीन संध्याकाळी पाचला परत यायची ती धुऊन पिळून टाकल्यासारखी. महिनाभर हे बघितलं आणि वॉल्टर म्हणाला, बास झालं, मी नेणार. पण आपल्या जुन्या गाडीनं घाट चढायचा म्हणजे चाळीसदा क्लच, आणि गुडघा तर दहाव्यालाच रडवत होता. तेव्हा शब्द गिळून त्यानं वर्तमानपत्रातल्या जाहिराती बघायला घेतल्या.

गाडी सापडली ती मिसेस इन्मन यांच्याकडे. त्यांचा नवरा बँकेत मॅनेजर होता, दोन वर्षांपूर्वी वारला. सतरा वर्षांची, गडद हिरवी, लांबलचक साहेबी गाडी. आत चामड्याच्या खुर्च्या. वॉल्टरनं आधी बॉनेटवर हात ठेवला. थंडगार होतं, म्हणजे गिऱ्हाईक यायच्या आत इंजिन तापवून ठेवलं नव्हतं. गिअरबॉक्सची तेलपट्टी ओढून त्यानं बोटाला तेल लावलं, वास घेतला. लालभडक तेल, जळका वास नाही. फायलीत सतरा वर्षांच्या सर्व्हिसिंगच्या पावत्या तारीखवार लावलेल्या.

"गाडीत बसणार कोण?" मिसेस इन्मननी विचारलं.

"बायको. आजारी असते."

"मग घेऊन जा. सकाळी एक जण येऊन गेला. त्याला ही शर्यतीसाठी हवी होती, ती एकमेकांवर गाड्या आदळायची शर्यत असते ना? म्हणे, जुन्या मोठ्या गाड्या आदळायला फार छान! मी दारातूनच घालवला मेल्याला."

वॉल्टर गाडी दारात घेऊन आला तेव्हा डोरीन खिडकीशी उभी होती. तिनं खिडकी उघडून विचारलं, "कोण वारलं?"

"चेष्टा पुरे. शववाहिका नाही ही. बसून तर बघ."

ती बसली. शेजारच्या गावापर्यंत जाऊन आले. तिनं कौतुक केलं नाही, पण उतरायलाही घाई केली नाही, आणि एवढ्यानंच वॉल्टरला इतका आनंद झाला की त्या रात्री त्यानं तिला गिअरबॉक्स कसा चालतो ते अर्धा तास समजावून सांगितलं.

गाडी पेट्रोल ढोसायची. वार्षिक तपासणीत मेकॅनिकनं मागच्या चाकाजवळचा गंज दाखवून मान हलवली, तरी पास केली. वॉल्टर दर शनिवारी तेलपाणी बघायचा. आणि खरं सांगायचं तर ती गाडी घाट असा चढायची की कपातला चहा हलू नये. येताना डोरीन झोपून जायची. अकरा आठवडे असे गेले. इतका उपयोगी आपण आयुष्यात कधी पडलो नव्हतो, असं वॉल्टरला वाटायचं.

मार्चमधल्या एका बुधवारी, शहराच्या तोंडाशी असलेल्या चौकात, एक लॉरी अचानक समोर घुसली. घाबरण्यासारखं काही नव्हतं. ब्रेकवर हलका पाय ठेवला असता तरी भागलं असतं. पण वॉल्टरच्या दोन्ही पायांनी जे केलं ते अडतीस वर्षांच्या सवयीनं केलं. जो पाय जिना चढताना कुरकुरायचा, तो डावा पाय ताडकन उठला आणि क्लच दाबायला गेला. क्लच नव्हताच. ऑटोमॅटिक गाडीत ब्रेकचं पेडल दुप्पट रुंद असतं, ते त्याच्या खाली आलं. गाडी जागच्या जागी थिजली. डोरीननं सावरायला डावा हात पुढे टाकला आणि तो समोरच्या फळीवर आपटला.

त्याच हातात डॉक्टरांनी ऑपरेशन करून डायलिसिसच्या सुयांसाठी शीर तयार केली होती. तासाभरात हात काळानिळा होऊन सुजला. शीर कामातून गेली. डॉक्टरांनी मानेत नळी घातली आणि नर्स वॉल्टरकडे न बघता म्हणाली, "होतं असं कधी कधी."

घरी आल्यावर डोरीन एवढंच म्हणाली, "शुक्रवारी मी हॉस्पिटलच्या गाडीनं जाईन म्हणते. तुझ्या गुडघ्यालाही आराम." तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

वॉल्टर दोन दिवस घरात भुतासारखा फिरला. तिसऱ्या दिवशी त्यानं ग्लेनिसला फोन केला. ग्लेनिस त्याचीच विद्यार्थिनी. आता स्वतः गाडी शिकवायची. तो निवृत्त झाल्यावर त्याची सगळी गिऱ्हाइकं तिच्याकडे गेली होती, आणि ते त्याला फारसं आवडलं नव्हतं.

ती येऊन त्याच्या शेजारी बसली. "मिस्टर मेटकाफ, डावा बूट काढा."

"बूट?"

"काढा. आणि पाय मागे घ्या, सीटखाली. नुसत्या मोज्यातला पाय धिटाई करत नाही. तुम्ही ऑटोमॅटिकवर कुणाला आणलंत तर काय सांगायचात?"

"हेच," वॉल्टर म्हणाला. "पहिलं वाक्य हेच."

"मग स्वतः का नाही केलंत?"

"मला वाटलं, ते बाकीच्यांसाठी असतं."

ग्लेनिस हसली नाही, हे तिचे उपकार. तीन आठवड्यांत तिनं त्याला सहा शिकवण्या दिल्या. ज्या चौकांत त्यानं पोरासोरांना घाम फोडला होता त्याच चौकांतून त्याला फिरवलं, मुद्दाम ओरडून अचानक थांबायला लावलं. पहिल्या दोन शिकवण्यांत डावा पाय फडफडला, मग हळूहळू गप्प पडला. सहाव्या शिकवणीनंतर ती म्हणाली, "आता मी माझ्या आईला तुमच्या गाडीत बसवीन." पैसे घ्यायला तयार होईना, तेव्हा वॉल्टरनं ते तिच्या पर्समध्ये कोंबले.

रविवारी दुपारी जेवताना त्यानं बातमी सांगितली. ताटात भाजलेलं मटण होतं. डोरीनच्या ताटात अगदी एक चकती, पाण्याचा ग्लास अर्धा मोजलेला.

"उद्यापासून मी नेतो तुला. ग्लेनिसनं पास केलंय मला. हसू नकोस, शिकवणी लावली होती मी."

"ठाऊक आहे. तिच्या आईनं सांगितलं."

"मग? उद्या साडेआठला निघू."

डोरीननं काटा खाली ठेवला. "उद्या मी जाणार नाहीये, वॉल्टर."

"बरं, मग बुधवारी."

"बुधवारीही नाही. मी थांबवतेय सगळं. डॉक्टरांशी बोलले. दोनदा बोलले. ते म्हणाले, तुमचा निर्णय."

वॉल्टरला आधी काही समजेचना. मग समजलं, आणि त्याच्या तोंडून निघालं ते भलतंच. "माझ्या ब्रेकमुळे का? त्या हातामुळे?"

"नाही रे. नाताळातच ठरत आलं होतं माझं. आठवड्यातले तीन दिवस मशीनला आणि उरलेले चार त्यातून सावरायला, हे काही जगणं नव्हे. सांगणारच होते. तेवढ्यात तू ती गाडी घेऊन आलास. असा काही खुलला होतास की म्हटलं, जाऊ थोडे दिवस."

ती खरं बोलत होती की त्याला सांभाळून घेत होती, हे वॉल्टरला तेव्हा कळलं नाही आणि पुढेही कधी कळलं नाही. त्यानं उठून तिचं ताट उचललं, सिंकपाशी नेलं आणि नळ सोडून बराच वेळ तसाच उभा राहिला. तो रडत होता. डोरीननं त्याला रडू दिलं.

"किती दिवस म्हणाले?" त्यानं पाठमोऱ्यानंच विचारलं.

"आठ. दहा. जास्त दुखणार नाही म्हणाले, झोप येत राहील. उद्या साडेआठला निघायचंच म्हणतोस तर निघू. समुद्रावर ने मला. तुझी शिकवणी वाया नको जायला."

सोमवारी ते मोरकमला निघाले. डोरीननं निळा कोट घातला होता, मानेवरच्या पट्टीला रुमाल बांधला होता. घाट उतरेपर्यंत ती ग्लेनिसच्या आईच्या उखाळ्यापाखाळ्या काढत होती. मग बोलता बोलता तिला झोप लागली. वॉल्टरनं असं सारथ्य जन्मात केलं नव्हतं. लाल दिवा लांबून दिसला की तो शंभर पावलं आधीच पाय उचलायचा आणि गाडी आपल्या आपण सरपटत राहायची. दिवा हिरवा होईपर्यंत चाकं पुरती थांबायची नाहीत. मागचे हॉर्न वाजवत होते. वाजवू देत, म्हणाला तो मनात. साठ मिनिटांच्या रस्त्याला त्यानं पावणेदोन तास लावले. डोरीनचा श्वास हलका चालला होता आणि तो ऐकू यावा म्हणून त्यानं पंखासुद्धा बंद केला.

शेवटचं वळण संपलं आणि समोर पाणी दिसलं. भरती होती. किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर दोन-चार म्हातारी माणसं बाकांवर बसली होती, आणि गाडी लावायला नेमकी समोरच जागा होती.

डोरीननं डोळे न उघडताच विचारलं, "आलं का रे?"

"नाही अजून," वॉल्टर म्हणाला. "झोप तू." आणि त्या मोकळ्या जागेवरून तो हळूच गाडी पुढे घेऊन गेला.