बसून, वीस मिनिटांनी

मित्रांनो, रक्त तपासायला येणारी माणसं जिच्यावर बसतात ती मी एक जुनी खुर्ची आहे. माझे पाय लोखंडी आहेत आणि गादीला दोन ठिकाणी चिकटपट्टी लावलेली आहे. उजवीकडे हात ठेवायला एक रुंद फळी आहे, आणि त्या फळीखाली एक सैल स्क्रू आहे. त्या स्क्रूने आजवर अकरा बाह्या उसवल्या आणि चार पिशव्यांचे बंद अडकवले. हिशेब मी चोख ठेवते. दुसरं करण्यासारखं मला फारसं काही नसतं.

ज्या वेल्डरने मला बनवलं, तो आधी स्वतः माझ्यावर बसला आणि म्हणाला, "हिच्यावर हत्ती बसला तरी हरकत नाही." माझ्या वाट्याला आलेलं हे पहिलं कौतुक. दुसरं यायला फार वर्षं लागली.

एके दिवशी आमच्या प्रयोगशाळेच्या डॉक्टरबाईंनी भिंतीवरचा जुना तक्ता खाली उतरवला. निरोगी माणसाच्या रक्तात कोणतं हार्मोन किती असावं, ते त्या तक्त्यावर लिहिलेलं होतं. हार्मोन म्हणजे शरीरातल्या ग्रंथी रक्तातून धाडतात ते निरोप: वाढ, जागा हो, दमलास, थांब. डॉक्टरबाई म्हणाल्या, "हा तक्ता पंचवीस वर्षांच्या पोरापोरींच्या रक्तावरून केलाय. ऐंशीच्या आजींनाही आपण याच पट्टीने मोजतो. मग त्यांना कॉलेजातच का घालत नाही?"

नवा तक्ता करायचं ठरलं. तान्ह्या बाळापासून नव्वदीपर्यंत प्रत्येक वयाची निरोगी माणसं बोलवायची, त्यांचं रक्त घ्यायचं आणि प्रत्येक वयासाठी वेगळी ओळ लिहायची. धापा टाकत किंवा घाबरत आलेल्या माणसाच्या रक्तातली काही हार्मोन्सही त्याच्यासारखीच धापा टाकत असतात. म्हणून नियम असा, की आधी खुर्चीत वीस मिनिटं स्वस्थ बसायचं आणि मग सुई टोचायची. मला वाटलं, आपले दिवस आले.

पण आले ते जावईबापू.

हे नाव रक्त काढणाऱ्या ताईंनी ठेवलं. हार्मोन मोजणारं ते नवं यंत्र आलं तेव्हा त्याच्यासाठी वेगळी थंड खोली झाली. धूळ नको, हादरा नको, दार हळू लावा. "बसा म्हटलं की रुसतात, उठा म्हटलं की बिघडतात," ताई म्हणाल्या. "जावईच हा." त्याला हार घातला आणि सगळ्यांनी मिळून त्याच्याबरोबर फोटो काढला. फोटो काढणारा म्हणाला, "ती खुर्ची जरा बाजूला घ्या, मध्ये येतेय." मित्रांनो, मी चार पावलं सरकले. माझ्या मनातून मात्र ते वाक्य आजही सरकलेलं नाही.

माणसं माझ्यावर बसत होती. बाळं आयांच्या मांडीवरून माझ्यापर्यंत पोचली. एक मुलगा म्हणाला, "मी घाबरत नाही," तेव्हा त्याचा आवाज तीनदा फाटला. पन्नाशीच्या एक बाई वहीने वारा घेत म्हणाल्या, "मलाच गरम होतंय की खोलीच गरम आहे?" ताई म्हणाल्या, "खोली थंडच आहे, पण मलाही गरम होतंय. तुम्ही एकट्या नाही." कोण कसा बसतो, कोणाचा पाय हलतो, कोण सोळाव्या मिनिटाला मन मोकळं करतो, हे सगळं मला ठाऊक होतं. पण सगळे विचारायचे ते एवढंच: "यंत्राने काय दिलं?"

सातशे बारा माणसं झाली. त्यात सत्तरीपुढच्या बायकांपैकी एक आजी होत्या. हातात कापडी पिशवी आणि तोंडात सतत विनोद. ताईंनी छापील प्रश्न विचारले. "काही आजार?" "छे." "औषध घेता का कसलं?" "अजिबात नाही." ताई कापूस आणायला वळल्या आणि आजींनी पिशवीतून एक डबी काढली, उघडून आतल्या गोळीकडे पाहिलं आणि परत ठेवून दिली.

ते मी पाहिलं. मला बोलता येत नाही, पण कुरकुरता येतं. मी कुरकुरले असते तर ताईंनी नक्की वळून पाहिलं असतं. पण माझ्या मनात आलं, चुकू दे जावईबापूंचं एकदा. एकदा तरी त्यांचा आकडा खोटा पडू दे. आणि मी गप्प राहिले.

पंधरा दिवसांनी यंत्र सांभाळणारे चष्मेवाले भाऊ कागद घेऊन आले. सत्तरीपुढच्या सहा बायकांचं, थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारं एक हार्मोन भलतंच खाली आलं होतं. "यंत्र चुकणार नाही," ते म्हणाले. "तीनदा चालवून पाहिलंय. नळ्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या असणार. ताई, राग मानू नका, पण चिठ्ठ्या तुम्हीच लावता."

"बावीस वर्षं लावतेय," ताई म्हणाल्या.

"म्हणूनच. सवयीने चूक होते."

डॉक्टरबाईंनी कागद हातात घेतला. "सहाही जणींना परत बोलवा. या वेळीही असंच आलं आणि कारण सापडलं नाही, तर आजींची ओळ सोडूनच द्यावी लागेल. आणि ताई, तोपर्यंत सुई दुसऱ्या कोणाला देऊ. तुम्ही बाटल्या धुण्याकडे बघा."

ताईंनी माझी फळी पुसली, आधीच स्वच्छ असलेली. मित्रांनो, नेम मी यंत्रावर धरला होता आणि लागला तो माझ्याच माणसाला. हेव्याचं असंच असतं. दुसऱ्याचं वाईट होण्याची वाट बघत बसलं, की आपल्या शेजारच्याचं कधी वाईट होतं ते कळतही नाही.

आजी पुन्हा आल्या. विनवणी करून ताईंनी शेवटचं म्हणून त्यांचं रक्त स्वतः घेतलं. आजींच्या डोळ्यांसमोर चिठ्ठी लावली, दोनदा वाचून दाखवली. पुन्हा विचारलं, "औषध?" पुन्हा उत्तर आलं, "अजिबात नाही." वीस मिनिटं झाली, नळी भरली, आजी उठल्या. आता त्या निघून जाणार होत्या.

मी माझ्याजवळ होतं तेवढं सगळं केलं. स्क्रू पुढे केला.

पिशवीचा बंद अडकला, पिशवी उलटी झाली आणि डबी थेट ताईंच्या पायाशी जाऊन उघडली.

"ही मेली खुर्ची," आजी म्हणाल्या. "बरं झालं, आठवण झाली. आता घेऊ ना गं ही? उपाशीपोटी या म्हणालात, म्हणून राहिली होती."

"कसली गोळी आहे ही?"

"ही? थायरॉइडची. वीसेक वर्षं घेतेय."

ताईंनी डबी उचलून माझ्या फळीवर ठेवली. "आजी, मी दोनदा विचारलं, औषध घेता का म्हणून."

"मग खरंच सांगितलं ना. औषध आजारी माणूस घेतं. मला काय झालंय? ही आपली सकाळची गोळी. दात घासले की घ्यायची."

बाकीच्या पाच जणींनाही विचारलं. चौघींकडे 'सकाळची गोळी' निघाली. बाहेरून गोळी मिळाली की ग्रंथीला कामाला लावणारं ते हार्मोन खाली येतं, तेव्हा ते त्यांचं निरोगी रक्त नव्हतंच. सहावीकडे मात्र काहीच निघालं नाही. तिला खरोखरच आजार होता, आणि तो यंत्रामुळे वेळेवर कळला. इथे जावईबापूंना मान द्यावा लागतो. मी तो दिला, पण मोजून.

त्या सहाजणींच्या जागी नव्या सहाजणी बसवल्या. सुई ताईंच्या हाती परत आली. चष्मेवाले भाऊ दोन दिवस त्यांच्याशी फार अदबीने बोलत होते. छापील प्रश्नांतला 'औषध घेता का' खोडून ताईंनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय टाकता?' आणि दुरुस्तीवाला पाना घेऊन आला तेव्हा त्याला म्हणाल्या, "गादी बदला. स्क्रूला हात लावू नका." हे माझं दुसरं कौतुक.

म्हणून सांगते, मित्रांनो, कोणालाही काही विचारायचं असेल तर आधी त्याला नीट बसू द्या, आणि प्रश्न त्याच्या भाषेत विचारा. आणि जुन्या वस्तू टाकून देण्याआधी त्यांनी काय काय पाहिलंय, त्याचा विचार करा.

नवा तक्ता आता भिंतीवर आहे. त्यात आजींची स्वतंत्र ओळ आहे. खाली ठळक अक्षरांत यंत्राचं पूर्ण नाव आणि क्रमांक छापलाय. ते वाचून माझं अजून जळतं, खोटं कशाला बोलू? पण त्याच्याही खाली, अगदी बारीक अक्षरांत, एक ओळ आहे: 'नमुने घेतले: बसून, वीस मिनिटांनी.'

कशावर बसून, ते लिहिलेलं नाही.